तगर म्हणजे तेर, पण हे म्हटलं कुणी?

आजचा भाग खास इंग्लिश घेऊन बीए करणाऱ्यांसाठी. प्रोजेक्टची तारीख डोक्यावर आलीय ना?

माझ्या प्रोजेक्टमध्ये मी एक वाक्य ठोकून दिलं होतं: ‘पेरिप्लसमध्ये तेरचं वर्णन आहे.’ तेर आपल्या धाराशिव तालुक्यातलं, गोरोबाकाकांचं गाव. छाती फुगवूनच लिहिलेलं. सरांनी समासात लाल पेनने दोनच शब्द लिहिले: ‘कुणी म्हटलं?’

मी चिडलो. इंटरनेटवर जिथे बघाल तिथे हेच आहे की! मग पुस्तक उघडलं आणि गप्प झालो.

पहिल्या शतकातल्या त्या ग्रीक पुस्तकात ‘तेर’ हे नावच नाही. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, मोठं शहर, तिथलं कापड भडोचला जायचं. बस्स. आणि मला ग्रीक कुठे येतं? मी वाचला तो विल्फ्रेड शॉफचा १९१२चा इंग्रजी अनुवाद.

मग तेर आलं कुठून? तगर म्हणजे विल्फर्डला देवगिरी वाटलं, भगवानलाल इंद्रजींना जुन्नर, भांडारकरांना धारूर. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये तेरची बाजू मांडली. पुढे तेरच्या मातीतून सातवाहनकाळच्या वस्तू निघाल्या. तिथल्या लामतुरे संग्रहालयात बघून या, खरंच.

म्हणजे मूळ लेखक एक, अनुवादक दुसरा, अर्थ लावणारा तिसरा. मी तिघांना एका वाक्यात कोंबलं होतं. आणि नकाशा काढा: तेर पैठणच्या सरळ पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. मूळ मजकूर वाचला म्हणून हे खटकलं, नाहीतर कशाला खटकतंय!

एमएलए पद्धतीत वाक्याच्या शेवटी कंसात आडनाव आणि पान, आणि प्रोजेक्टच्या शेवटी पूर्ण नोंद. ते सोपं आहे. अवघड आहे ते खरं सांगणं. फ्लीटचं मत दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलं असेल तर त्या पुस्तकाचीच नोंद द्या, मत फ्लीटचं म्हणून सांगा. न उघडलेल्या लेखाचा पान नंबर उचलून लावणं मला तरी थापच वाटते.

वाक्य बदलून परत दिलं: ‘शॉफच्या अनुवादात तगर येतं, फ्लीटच्या मते ते तेर.’ सरांनी पुन्हा लाल पेन काढला. या वेळी एकच शब्द: ‘पान?’