हुलकावणी

इंग्रजी भाषेंत 'बांबूझल' असें एक मोठें गमतीचें क्रियापद आहे. एखाद्यास बोलण्यानें वा वागण्यानें गोंधळवून टाकून फसविणें, असा त्याचा अर्थ. अठराव्या शतकाच्या आरंभीं तें प्रचारांत आलें, आणि १७१० सालीं जोनाथन स्विफ्टनें लंडनमधील नव्या उनाड शब्दांवर कोरडे ओढले तेव्हां त्यांत हाही शब्द सांपडला. त्याची व्युत्पत्ति अद्याप निश्चित झालेली नाहीं. लोकांस चकविणाऱ्या शब्दानें पंडितांसही चकवावें, हें त्यास शोभतेंच!

मराठींत ह्या क्रियेचे प्रकार निरनिराळे मानिले आहेत. ज्यास चकविलें तो भलत्या वाटेस लागतो; गुंगारा देणारा स्वतःच दिसेनासा होतो; हुलकावणींत एकीकडचा रोख दाखवून दुसरीकडे वळावयाचें असतें. जालना जिल्हा १९८१ सालीं अस्तित्वांत आला. परंतु ह्या शब्दांचे दाखले त्या मुलुखांत जुने आहेत. १६७९ सालीं शिवाजी महाराज जालना लुटून परतत असतां मोंगली फौजेनें त्यांस वाटेंत गांठलें. तेव्हां बहिर्जी नाइकानें आडवाटेनें त्यांस पट्टागडावर सुखरूप पोंचविलें. हा गुंगारा.

पुढें १८०३ च्या ऑगस्टांत शिंदे-भोसल्यांचे स्वार कर्नल स्टीव्हन्सनला बगल देऊन अजिंठ्याच्या घाटानें जालन्यास आले. त्यांचा रोख हैदराबादेकडे दिसतांच जनरल वेलस्ली गोदावरीकडे धांवला, आणि स्वार माघारें वळले. ही हुलकावणी. मात्र २३ सप्टेंबर रोजीं असईजवळ वेलस्ली चकला नाहीं. केळणा नदीस जवळपास उतार नाहीं, असें वाटाडे सांगत होते. त्यानें दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेलीं दोन गांवें पाहिलीं, आणि लोक ये-जा करीत असतील तर उतार असलाच पाहिजे, असा तर्क केला. तो खरा ठरला. शाळेंतील पुस्तकें ह्या तर्काचेंच कौतुक करतात. परंतु पोलमनच्या कवायती पलटणींनीं तितक्याच चपळाईनें मोहरा फिरविला, हें सांगावयास विसरतात.

त्या दिवशीं खरा चकला तो वेलस्लीचाच एक अधिकारी. पुढच्या तुकड्या घेऊन कर्नल ऑरॉक वाट चुकून थेट असई गांवाच्या तोफांसमोर गेला, आणि मागची ७४ वी पलटणही त्याच्यामागें ओढली गेली. त्याला कोणी हुलकावणी दिली नव्हती. लढाई वेलस्लीनें जिंकली, शिंद्यांच्या ९८ तोफाही हस्तगत केल्या. पण त्याचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले, आणि त्यांतील मोठा भाग ह्या चुकलेल्या वाटेवर पडला.