नॉटिंग हिलचा उत्सव : दंगलीपासून ७२ सेकंदांच्या शांततेपर्यंत

ऑगस्टअखेरचा रविवार आणि त्याला लागून येणारा सुटीचा सोमवार, असे दोन दिवस पश्चिम लंडनमधील नॉटिंग हिलचे रस्ते कार्निव्हलच्या ताब्यात असतात. पिसांचे मुकुट, ट्रकवरचे स्टीलबँड, गल्लीच्या तोंडाशी रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंती आणि लाखोंची गर्दी. दुपारी तीन वाजता मात्र हे सारे थांबते. जवळच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. त्या प्रत्येकासाठी एक सेकंद, अशी ही ७२ सेकंदांची शांतता.

भर मिरवणुकीने असे स्तब्ध व्हावे, याचे परक्याला नवल वाटते. या उत्सवाचा जन्म कशातून झाला हे पाहिले, की ते नवल उरत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते आणि वेस्ट इंडीजमधील माणसे ते काम करायला आली. बस, रेल्वे, रुग्णालये यांत ती रुजू झाली. राहायला मात्र त्यांना नॉटिंग हिलसारख्या वस्त्यांतील पडक्या, महागड्या खोल्याच मिळाल्या. ऑगस्ट १९५८ च्या शेवटी तेथे गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी कृष्णवर्णीयांच्या घरांवर हल्ले सुरू केले. आठवडाभर दंगल चालली. शंभराहून अधिक लोकांना अटक झाली. न्यायालयाने नऊ गोऱ्या तरुणांना चार-चार वर्षांची शिक्षा दिली. पण स्वसंरक्षणासाठी बाहेर पडलेले काही कृष्णवर्णीय तरुणही दंडाचे धनी झाले.

या वेळी क्लॉडिया जोन्स लंडनमध्ये होत्या. जन्म १९१५ चा, त्रिनिदादमधला, वाढल्या न्यूयॉर्कमध्ये. कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेने त्यांना तुरुंगात टाकले आणि १९५५ मध्ये हद्दपार केले. दंगलीच्या काही महिने आधीच, मार्च १९५८ मध्ये, त्यांनी ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे पत्र सुरू केले होते. पुढे त्या पत्राच्या नावात आफ्रो-आशियाई हा शब्दही आला. अभिमन्यू मनचंदा हे भारतीय कार्यकर्ते त्या कामात त्यांचे सहकारी होते.

दंगलीला उत्तर म्हणून सभा आणि निषेधाची पत्रके निघालीच. जोन्स यांनी त्यांच्या जोडीला कार्निव्हल भरवले. ३० जानेवारी १९५९ रोजी सेंट पँक्रास टाउन हॉलमध्ये ते झाले. त्रिनिदादचे कार्निव्हल लेंटच्या उपवासाआधी येते, म्हणून हंगाम तोच राखला. लंडनच्या थंडीमुळे जागा मात्र छपराखालची घेतली. दिग्दर्शन एड्रिक कॉनर यांचे होते. बॉस्को होल्डर यांचे नर्तक, कॅलिप्सो गायक माइटी टेरर आणि क्लिओ लेन यांनी कला सादर केली. बीबीसीने ते दाखवले. लोकांची कला हाच त्यांच्या मुक्तीचा उगम, अशा आशयाचे बोधवाक्य स्मरणिकेवर होते. पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्याहून मोलाची वाटते ती त्याच स्मरणिकेतील एक साधी सूचना : विक्रीतील काही रक्कम दंगल प्रकरणातील तरुणांचे दंड भरायला दिली जाईल, आणि त्यांत काळे व गोरे दोन्ही असतील.

या एका सूचनेत उत्सवाचा हेतू स्पष्ट होतो. दुःख विसरायला लावणे एवढेच काम असते, तर गाणे पुरले असते. येथे गाण्याच्या पैशांतून दंड भरायचा होता.

कार्निव्हलला हे काम नवे नव्हते. त्रिनिदादमध्ये गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या लोकांनी आपली मशालींची मिरवणूक त्यात आणली. १८८१ मध्ये ती रोखताना पोलिसांशी दंगल झाली, आणि पुढे ढोलांवर निर्बंध आले. १८८४ मध्ये त्याच बेटावर भारतीय गिरमिटिया मजुरांच्या मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार होऊन अनेक जण मेले. ढोल गेला तेव्हा लोकांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे आणि तेलाची पिंपे ठोकून, त्यांना सुरात आणून स्टीलबँड घडवला. बंदीतूनच वाद्य जन्मले.

लंडनमध्ये मात्र जखम इतक्यात भरणार नव्हती. पहिल्या कार्निव्हलला चार महिनेही झाले नव्हते, तोच मे १९५९ मध्ये केल्सो कॉक्रेन या अँटिग्वाच्या सुताराचा नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या तरुणांनी भोसकून खून केला. अंत्ययात्रेला हजाराहून अधिक लोक होते. त्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. जोन्स यांनी सभागृहातले कार्निव्हल दरवर्षी चालवले आणि डिसेंबर १९६४ मध्ये, पन्नाशीच्या आतच, त्यांचे निधन झाले.

रस्त्यावरचा उत्सव १९६६ चा. रोन लॅस्लेट या सामाजिक कार्यकर्तीने वस्तीतील आयरिश, स्पॅनिश, युक्रेनियन, आफ्रिकी, कॅरिबियन अशा सर्वांसाठी जत्रा भरवली. रसेल हेंडरसन आणि त्यांचे साथीदार गळ्यात स्टीलपॅन अडकवून वाजवत रस्त्याने निघाले आणि माणसे मागे चालू लागली. मग जनक कोण, जोन्स की लॅस्लेट? भाऊसाहेब रंगारी की लोकमान्य, हा वाद ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. माझ्या मते एकीने उत्सवाला कारण दिले, दुसरीने रस्ता. दोन्हींपैकी एक वगळले, तर उरते ते नुसते स्मारक किंवा नुसती जत्रा.

१९७६ मध्ये सुमारे तीन हजार पोलीस कार्निव्हलवर आले आणि पुन्हा दंगल उसळली. जखमेवर फुंकर घालायला जन्मलेला उत्सव स्वतःच जखमी झाला. पुढे तो बंद करावा, मैदानात हलवावा, अशा मागण्या होत राहिल्या. लोकांनी रस्ता सोडला नाही, कारण १९५८ मध्ये ज्या रस्त्यावर चालण्याची भीती वाटत होती, तोच हा रस्ता होता. तेथे नाचणे हाच इलाजाचा भाग होता.

उत्सवाने माणसे बरी होतात का, याचे सरळ उत्तर इतिहास देत नाही. कॉक्रेनला न्याय मिळाला नाही. ग्रेनफेलची आग गाण्याने विझली नसती. पण शोक एकट्याने घरात करावा लागू नये, एवढी सोय उत्सव करू शकतो. दुपारी तीन वाजता लाखो माणसे गप्प उभी राहतात, त्यांत ग्रेनफेलमध्ये आपले माणूस गमावलेलेही असतात. ७२ सेकंद संपतात आणि पिंपांवर पुन्हा काठी पडते.