न पिणाऱ्यांचे काळीज

काळीज हा शब्द आपण हृदयासाठी वापरतो. काळजाला घरे पडतात, काळीज तुटते, धाकटी लेक काळजाचा तुकडा असते. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागितली, तर खाटीक हृदय देत नाही, यकृत देतो. आणि शब्दाच्या बाबतीत खाटकाचेच बरोबर आहे. संस्कृतात कालेय म्हणजे यकृत. आपणच ते नाव केव्हा तरी चार बोटे डावीकडे सरकविले.

युरोपातील लोकांनी तर याहून मोठी गंमत केली आहे. प्राचीन रोमन खवय्ये हंसासारख्या मोठ्या बदकांना अंजिरे चारचारून त्यांचे यकृत फुगवीत आणि ते मोठ्या चवीने खात. अंजिराला लॅटिन भाषेत फिकुस म्हणतात. म्हणून अशा यकृताला फिकाटुम हे विशेषण लागले. पुढे मूळ शब्द मागे पडला आणि विशेषणच यकृताचे नाव होऊन बसले. इटालियन भाषेतील फेगातो, स्पॅनिशमधील इगादो, फ्रेंचमधील फ्वा ही सारी त्याचीच लेकरे. रोमच्याही पूर्वी, सुमारे साडेचार हजार वर्षांमागे, इजिप्तमधील थडग्यांच्या भिंतींवर पाखरांच्या चोचीत चारा कोंबणारे सेवक कोरलेले आहेत.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या पाखरांना कुणी तूप पाजीत नव्हते की लोणी भरवीत नव्हते. त्यांना मिळत होती अंजिरे, पुढच्या काळात मका. गोड आणि पिठूळ खाऊन यकृतात चरबी साठते, हे आचाऱ्यांना दोन हजार वर्षे ठाऊक होते. वैद्यांनी मात्र आचाऱ्यांना विचारले नाही.

१८३६ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलातील टॉमस अ‍ॅडिसन यांनी मेदाने भरलेल्या मानवी यकृताचे वर्णन केले आणि त्याचा संबंध मद्यपानाशी जोडला. तो संबंध खराच आहे. दारूने यकृतात चरबी साठते, सूज येते, पुढे यकृत चिवट आणि गाठाळ होते. पण एकदा चोर सापडला की पोलीस जसे त्या आळीतली प्रत्येक चोरी त्याच्याच नावावर मांडतात, तसे वैद्यकाचे झाले. यकृतात चरबी दिसली की रोगी पिणारा. तो नाही म्हणाला, तर पिणारा आणि शिवाय खोटारडा.

लठ्ठपणा हा रोग आहे हे आपल्या चरकाचार्यांना अर्थातच माहीत होते. अतिस्थूल आणि अतिकृश दोघांनाही त्यांनी निंदित पुरुषांत बसविले, आणि दोहोंत कृशपणा बरा असा निकाल दिला. पण लठ्ठपणा आणि यकृत यांची आधुनिक काळातील गाठ पडली ती लंडनमध्ये, आणि तीही चुकतमाकत.

विल्यम बँटिंग हे तेथील एक प्रतिष्ठित गृहस्थ. धंदा अंत्ययात्रांची व्यवस्था करण्याचा, आणि गिऱ्हाइके थेट राजघराण्यातील. १८६२ साली त्यांचे वय ६६, उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड. बुटाचे बंद बांधता येत नसत. जिना उतरताना गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून पाठमोरे, सावकाश उतरावे लागे. रोइंग झाले, समुद्रस्नान झाले, औषधी पाणी पिऊन झाले. शेवटी ऐकू कमी येऊ लागले म्हणून ते विल्यम हार्वे नावाच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. या हार्वेंनी १८५६ मध्ये पॅरिसला क्लॉद बर्नार यांची व्याख्याने ऐकली होती. यकृत स्वतः साखर तयार करते, हा बर्नार यांचा शोध त्या वेळी ताजा होता. त्यावरून हार्वेंनी मनाशी ताडले, की मधुमेहाप्रमाणे लठ्ठपणाचे मूळही पिठूळ आणि गोड अन्नात असावे. त्यांनी बँटिंगांचे पाव, दूध, साखर, बटाटे आणि बीअर बंद केले. वाइन मात्र चालू ठेवली! वर्षभरात ४६ पौंड वजन उतरले. आनंदाच्या भरात बँटिंगांनी १८६३ साली स्वखर्चाने एक पुस्तिका छापून लोकांना फुकट वाटली. ती इतकी गाजली की स्वीडिश भाषेत वजन उतरविण्याला आजही 'बांता' म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांना पोचविणाऱ्या माणसाचे नाव असे जिवंत राहिले.

इकडे रक्ताचा शोध निराळ्याच वाटेने चालला होता. रॉबर्ट बॉइल यांनी १६६५ सालीच, माणसाच्या शिरेतून काढलेल्या रक्तात दुधासारखा पांढरा द्रव आढळल्याची हकीकत प्रसिद्ध केली होती. ती चरबी होती. जेवणातील चरबी आतड्यांतून रक्तात येते, हे सहज पटते. पण उपाशीपोटी घेतलेल्या रक्तातही चरबी असते, आणि ती बहुतांशी यकृताने पाठविलेली असते. यकृत हा शरीराचा कोठावळा. वरकड साखरेची तो चरबी करतो, तिची पुडकी बांधतो आणि रक्ताच्या गाडीत चढवितो. रक्ततपासणीच्या कागदावर ट्रायग्लिसराइड म्हणून जो आकडा येतो, तो मुख्यतः या पुडक्यांचा.

फार स्थूल माणसाच्या देहात या कोठावळ्याची दुहेरी कोंडी होते. इन्सुलिनचे सांगणे मेदपेशी ऐकेनाशा होतात आणि रात्रंदिवस चरबी सोडीत राहतात. ती यकृताच्या दारात येऊन पडते. शरीर आणखी इन्सुलिन तयार करते, आणि ते वाढीव इन्सुलिन यकृताला साखरेची चरबी करण्यास उलट चेव आणते. जेवढी बाहेर धाडता येते तेवढी कोठावळा धाडतो, म्हणून ट्रायग्लिसराइड चढते, चांगले म्हणतात ते एचडीएल कोलेस्टेरॉल घसरते, आणि एलडीएलचा आकडा बेताचा असला तरी त्याचे कण बारीक व दाट होतात. उरलेली चरबी कोठीतच साचते. अशा रोग्यांचा मृत्यू यकृताच्या बिघाडापेक्षा हृदयविकाराने अधिक होतो. काळीज या शब्दात आपण घातलेला घोळ, पाहा, अगदीच वाया गेलेला नाही.

१९५२ साली अमेरिकेतील सॅम्युएल झेलमन यांना रुग्णालयातल्याच एका सेवकाचे बिघडलेले यकृत आढळले. हा मनुष्य दारू नव्हे, गोड शीतपेय पीत असे, दिवसाला वीसांहून अधिक बाटल्या! झेलमन यांनी मग २० लठ्ठ माणसांची यकृते तपासली आणि लठ्ठपणा व यकृत यांचा संबंध लिहून ठेवला. फारसे कुणी मनावर घेतले नाही.

मनावर न घेतल्याने काय होते, ते मी घरात पाहिले आहे. माझी थोरली आत्या माळकरी. वजन ११० किलोंवर गेल्याने वारी एसटीने करी, पण एकादशी चुकवीत नसे. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याच्या फोडी, बटाट्याची भाजी. तूप मात्र डॉक्टरांच्या धाकाने बेताचेच. सोनोग्राफीत यकृतात चरबी निघाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी आतेभावाला बाजूला घेऊन हळूच विचारले, "आई थोडीफार घेतात का?" दार उघडे होते. आत्याने गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली आणि ती काही न बोलता बाहेर आली. पुढे दोन वर्षे तिने त्या दवाखान्याची पायरी चढली नाही, आणि त्या दोन वर्षांत यकृत सुजत गेले. तिच्या पानातली रताळी आणि रोमन पाखरांची अंजिरे यांची मी मनात सांगड घालतो. तिला मात्र हे सांगण्याची माझी छाती नाही.

या गैरसमजाला धक्का बसला तो शल्यवैद्यांच्या खोलीत. १९५४ मध्ये मिनेसोटातील क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाची वाट आखूड करण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पुढील पंचवीस वर्षांत अमेरिकेत ती हजारो अतिस्थूल माणसांवर झाली. वजन उतरले, कोलेस्टेरॉल उतरले, आणि काहींचे यकृत चरबीने भरून कायमचे निकामी झाले. माणसे दगावली. कित्येकांची आतडी पुन्हा पहिल्यासारखी जोडावी लागली, आणि १९८० च्या सुमारास ती शस्त्रक्रिया मागे पडली. पण या रोग्यांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यांना एक गोष्ट दिसली: दारुड्याच्या यकृताची म्हणून जी खूण पाठ केली होती, ती येथे दारूवाचून उमटली होती.

१९८० मध्ये मेयो क्लिनिकमधील युर्गेन लुडविग यांनी असे २० रोगी एकत्र मांडले, तेही शस्त्रक्रिया न झालेले. बहुतेक लठ्ठ, बऱ्याच स्त्रिया, अनेकांना मधुमेह किंवा पित्ताशयात खडे. तोवर या रोगाला नावच नव्हते. लुडविग यांनी 'दारूविना होणारा मेदयुक्त यकृतदाह' असे नाव दिले, आणि या ओळखीमुळे डॉक्टर-रोग्यांमधील नकोसे खटके टळतील असेही सुचविले. मला त्या निबंधातील ही बाजू सर्वांत मोलाची वाटते. रोग्याचे खरे मानण्यासाठी एका शब्दाची सोय झाली.

पुढचे पटकन सांगतो. २००५ साली मिनेसोटात नऊ रोग्यांच्या यकृतातील चरबीचा हिशेब लावला गेला: ५९ टक्के अंगातील मेदातून आलेली, २६ टक्के यकृताने स्वतः बनविलेली, आणि ताटातल्या तेलातुपाची जेमतेम १५ टक्के. आपल्या पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मोजमापे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण अंगातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिकांचा २१.२ टक्के! म्हणजे आपल्याकडे हा रोग गाठायला आत्याइतके वजनही लागत नाही. २०१५ मध्ये हवाना येथील २९३ रोग्यांत, ज्यांनी वजन दहा टक्के किंवा अधिक उतरविले त्यांच्यापैकी ९० टक्क्यांचा यकृतदाह निवळला. २०२४ साली अमेरिकेत त्यावर पहिले औषध मंजूर झाले.

आणि २०२३ मध्ये नाव पुन्हा बदलले. नव्या इंग्रजी नावातून दारूचा उल्लेख गेला, आणि लठ्ठ माणसाला टोचणारा 'फॅटी' हा शब्दही गेला. त्या जागी 'स्टिअ‍ॅटॉटिक' आला आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ चरबीच होतो, पण ग्रीक आत्याला कुठे येते?