चकतीवरील जागा आणि दुसरी प्रत

बदलीवर गेलेल्या अधिकाऱ्यास चार खोल्यांचा सरकारी बंगला मिळावा आणि तेथे पोहोचल्यावर एका खोलीस खात्याचे कुलूप दिसावे, तसाच काहीसा अनुभव नवा संगणक घेणाऱ्यास येतो. ५०० गिगाबाइटची म्हणून घेतलेली चकती विंडोजमध्ये ४६५ दाखविते. (यात लबाडी नाही, कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या.) त्यातही ऑपरेटिंग सिस्टिम आपले बिऱ्हाड आधीच मांडून बसलेली असते.

ही वहिवाट प्रारंभापासूनची नव्हे. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक हे यंत्र आणले. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एका दांड्यावर रचलेल्या, वजन टनाहून अधिक, आणि त्यांवर मावत होती अवघी ५० लाख अक्षरे. परंतु ती सारी जागा धन्याच्या हिशेबांची होती. आजच्या अर्थाची ऑपरेटिंग सिस्टिम त्या यंत्रावर नव्हतीच. त्याच सुमारास कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आलेल्या गणकयंत्रात तर चकतीही नव्हती. एका फिरत्या चुंबकीय ढोलावर १०२४ शब्द राहत, आणि तेवढ्यावर आकडेमोड चाले.

चकती घराघरांत शिरू लागली ती १९८३ मध्ये, आयबीएमच्या एक्सटी या यंत्रातून. तिची क्षमता १० मेगाबाइट. त्याच वर्षीच्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘बॅकअप’ आणि ‘रिस्टोअर’ या दोन आज्ञा आल्या, म्हणजे चकती आली त्याच वेळी तिच्या नाशाची चिंताही आली. मात्र भरलेल्या चकतीची प्रत करावयाची तर ३६० किलोबाइटच्या सुमारे २९ फ्लॉप्या एकामागून एक यंत्रात घालीत बसावे लागे. प्रत करण्याविषयी जो सार्वत्रिक आळस आजही दिसतो, त्याचे मूळ आम्हांस या २९ फ्लॉप्यांतच दिसते.

पुढे बिऱ्हाड वाढत गेले. १९९५ ची विंडोज १३ फ्लॉप्यांवर मिळे. २००१ च्या एक्सपीस दीड गिगाबाइट जागा लागे, २००७ च्या व्हिस्टास १५ गिगाबाइट मोकळी हवी होती, आणि २०२१ च्या विंडोज ११ साठी ६४ गिगाबाइटची चकती ही किमान अट ठरली. मध्यंतरी, २०१९ पासून, भावी सुधारणांकरिता सुमारे ७ गिगाबाइट राखून ठेवण्याची प्रथाही पडली.

आमचा खरा आक्षेप मात्र जागेविषयी नाही. पूर्वी यंत्राबरोबर ऑपरेटिंग सिस्टिमच्या चकत्या वेगळ्या मिळत. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अनेक कारखानदारांनी तो खर्च वाचविला आणि पुनःस्थापनेची प्रत त्याच चकतीच्या एका दडविलेल्या भागात ठेविली. घर जळाले तर उपयोगी पडावे म्हणून खरेदीखताची नक्कल त्याच घराच्या तिजोरीत ठेवण्यासारखेच हे! सॉफ्टवेअर बिघडल्यास ती प्रत तारते. चकतीच गेली तर मूळ आणि नक्कल एकदमच जातात. म्हणून नवे यंत्र येताच, त्यात दप्तर आणि मुलाबाळांची छायाचित्रे भरण्यापूर्वी, संपूर्ण चकतीची एक प्रत बाहेरच्या चकतीवर करावी, पुढे ठरल्या दिवशी करीत जावी, आणि एखादी फाइल तीतून परत काढून पाहावी.

ही शेवटची गोष्ट १९९८ मध्ये पिक्सार या चित्रसंस्थेस भोवली. ‘टॉय स्टोरी २’ चे काम चालू असता एक पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली गेली. प्रथम वुडीची टोपी नाहीशी झाली, मग बूट, मग वुडीच. फितींवर प्रती होत्या. पण त्या धड उतरतच नव्हत्या, हे तोवर कोणी पाहिले नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सस्मन या तंत्रप्रमुख बाईंमुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून त्यांनी एक प्रत घरी ठेविली होती. ते यंत्र पांघरुणांत गुंडाळून मोटारीतून कचेरीत आणण्यात आले. गंमत अशी की, एवढ्या सायासाने वाचविलेले काम संस्थेला पसंत पडले नाही, आणि १९९९ च्या प्रदर्शनापूर्वी बहुतेक चित्रपट तिने नव्याने केला.