नाटकाचं थिएटर आणि महाडची परिषद

मे महिना लागला की सावर्ड्याच्या आसपासच्या वाड्यांत मुंबईचे चाकरमानी उतरतात आणि कुठे ना कुठे नाटकाचा मांडव पडतोच. देवळासमोरच्या नाटकाला आमच्या आजोबांच्या पिढीची जागा ठरलेली असे : सगळ्यांच्या मागे, वेगळी. पुढे संयुक्त जयंतीचं नाटक आपल्या लोकांनी समाजमंदिराच्या अंगणात सुरू केलं. यंदा आमच्या वाडीत पक्क्या रंगमंचाचा विषय निघाला, तेव्हा काहींनी विचारलं, "नाटकाच्या इमारतीचा आणि चळवळीचा संबंध काय?"

संबंध आहे, आणि तो आपल्याच मुंबई-गोवा रस्त्यावर आहे. चिपळूण, खेड, पोलादपूर मागे पडलं की महाड येतं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर काय झालं हे आपल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण १९ मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली कुठे? वीरेश्वर थिएटरात! देऊळ बंद, पाणवठा बंद. परिषदेसाठी पाणीसुद्धा चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं. वास्तविक १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे खुले झाले होते आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर सगळं खुलं होतं. प्रत्यक्षात डोक्यावर छप्पर मिळालं ते नाटकाच्या थिएटराचं.

आम्हाला यात योगायोग वाटत नाही. नाटकगृह जातीपासून मुक्त होतं असं कोणी म्हणणार नाही. पण देवळाचं दार वतन आणि मानपान पाहून उघडतं, थिएटराचं दार पैसे पाहून. तेवढ्या फटीतून आपली माणसं आत शिरली. त्याआधी ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेसाठी पहिली बैठक बोलावली, तीही परळच्या दामोदर हॉलमध्ये. याच हॉलमध्ये कोकणातल्या गिरणी कामगारांनी पुढे आपली नाटकं आणि नमनं केली.

महाडला तळ्यावरून लोक परतले आणि गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. एकाच देवाचं नाव : थिएटरात बसलात तर चाललं, देवळाकडे निघालात अशी नुसती शंका आली तरी डोकी फुटली.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा सवर्णांपैकी कोणी जागाच देईना. शेवटी फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी जमीन दिली. तिथे मांडव पडला आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली.

दरवर्षी महाडला आपल्या गाड्या जातात, तळ्यावर फोटो निघतात. परिषदेचं थिएटर कुठे होतं, असं मात्र गाडीतलं कोणी विचारत नाही. आम्हीही अनेक वर्षं विचारलं नव्हतं. रंगमंचाची बैठक पावसाच्या आधी पुन्हा आहे. हा लेख आम्ही तिथे वाचून दाखवणार आहोत, वर्गणीची वही घेऊन.