रक्तातील इन्शुलिनचे मापन : एका शब्दाचा वाद

'इन्शुलिन' हे नाव लॅटिनमधील 'इन्सुला', म्हणजे द्वीप, या शब्दावरून सिद्ध झाले. स्वादुपिंडातील ज्या पेशीपुंजांचे वर्णन पाउल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये केले, त्यांस पुढे 'द्वीपे' ही संज्ञा मिळाली. त्यांतून स्रवणाऱ्या, तोवर केवळ अनुमानित असलेल्या द्रव्याचे नामकरण जाँ द मेयर यांनी १९०९ मध्ये केले. ते द्रव्य टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट प्रभृतींच्या हाती आले १९२१-२२ मध्ये. येथे नाव आधी, वस्तू मागाहून. प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र याच्या उलट आहे : वस्तू सिद्ध झाली, पण तिचे नाव नाकारले गेले.

न्यूयॉर्कमधील ब्राँक्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सर्गी आयोडीनने अंकित केलेले इन्शुलिन शिरेवाटे देऊन त्याचा माग घेतला. प्रौढ मधुमेहींच्या शरीरात इन्शुलिनचा त्वरित नाश होत असावा, असा एक तर्क तेव्हा प्रचलित होता. अनुभव विपरीत आला. पूर्वी इन्शुलिनचे उपचार घेतलेल्यांच्या रक्तात ते अधिक काळ टिकले. कारण प्राणिज इन्शुलिनविरुद्ध त्यांच्या शरीरात प्रतिपिंडे निर्माण झाली होती. इतक्या लहान प्रथिनाविरुद्ध हे घडणे अनेकांना अशक्य वाटे. निबंध प्रथम नाकारला गेला. १९५६ मध्ये तो प्रसिद्ध झाला, तो शीर्षकात 'प्रतिपिंड' न म्हणता 'इन्शुलिन-बंधक ग्लोब्युलिन' म्हणून. नकाराचे ते पत्र यॅलो यांनी १९७७ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात समाविष्ट केले. बर्सन १९७२ मध्येच निवर्तले होते.

ज्या प्रतिपिंडाचे नाव शीर्षकातून गळाले, तेच पुढे मापनाचे साधन झाले. प्रतिपिंड व अंकित इन्शुलिन ठराविक प्रमाणात घेऊन त्यांत रुग्णाचा रक्तद्रव मिसळला, की त्यातील अनंकित इन्शुलिन जागेसाठी स्पर्धा करते. अंकित इन्शुलिन जितके कमी बांधले जाईल, तितके रुग्णाचे स्वतःचे इन्शुलिन अधिक. १९६० मध्ये ही पद्धती सविस्तर प्रसिद्ध झाली. आज बहुधा किरणोत्सर्गाविना हेच कार्य साधले जाते.

तिचा पहिला निष्कर्षच मोठा होता. अनेक प्रौढ मधुमेहींच्या रक्तात इन्शुलिनचा अभाव नव्हता. ते विपुल असूनही साखर चढलेलीच होती. म्हणजे उणीव द्रव्याची नसून शरीराच्या प्रतिसादाची असू शकते. म्हणूनच या परीक्षेतील आकडा एकटा वाचू नये. उपाशीपोटी साखर प्राकृत व इन्शुलिन अधिक, तर प्रतिरोधाची शंका घ्यावी. साखर अधिक व इन्शुलिन अल्प, तर स्रावाची न्यूनता संभवते. साखर घसरलेली असताही इन्शुलिन चढे, तर कारण अन्यत्र शोधावे. इन्शुलिन टोचून घेणाऱ्याच्या बाबतीत स्वतःचे कोणते व बाहेरचे कोणते, हा निवाडा सी-पेप्टाइडच्या मापनाने होतो. कारण डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ मध्ये दाखविलेल्या पूर्वद्रव्यापासून इन्शुलिन तयार होताना तो खंड सुटा होतो, आणि औषधी इन्शुलिनमध्ये तो नसतो.

शब्दाचा अर्थ वाक्यावाचून ठरत नाही, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगणे नको. रक्तातील इन्शुलिनचा आकडाही त्याच न्यायाने शर्करेच्या व वेळेच्या संदर्भातच वाचला पाहिजे.