हायड्रोजेल : डोळ्यातल्या लेन्सपासून इलेक्ट्रॉनिक त्वचेपर्यंत

आयसीयूत छातीवर जे गोल स्टिकर लावतात, त्यांच्या मधला गार, ओलसर भाग बहुतेक वेळा हायड्रोजेलचा असतो. पॉलिमरच्या जाळीत धरून ठेवलेलं पाणी आणि त्यात थोडं मीठ, एवढंच ते. शरीरात वीज आयनांमार्फत वाहते, तारेत इलेक्ट्रॉनांमार्फत. त्या दोघांची गाठ इथे पडते.

हा पदार्थ डॉक्टरांपर्यंत आणला प्रागच्या ओटो विख्टर्ले यांनी. १९६० मध्ये त्यांनी व द्राहोस्लाव लिम यांनी 'नेचर'मध्ये त्यावर लेख लिहिला. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बनवायची होती, पण साच्यातून काढताना कडा फाटत. शेवटी १९६१ च्या नाताळात विख्टर्लेंनी घरीच मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून फिरता साचा तयार केला. त्यावर पहिल्या चार लेन्स निघाल्या! १९७१ मध्ये अमेरिकेत अशा लेन्सला मान्यता मिळाली.

लेन्सला फारसा ताण नसतो. मनगट किंवा गुडघ्यावर मात्र असं जेल लगेच फाटेल. यावरची खरी युक्ती, माझ्या मते, २००३ मध्ये जपानच्या होक्काइडो विद्यापीठात ज्यान पिंग गोंग यांच्या गटाला सापडली. त्यांनी एकात एक दोन जाळ्या विणल्या : एक ताठ, एक सैल. ओढलं की ताठ जाळीचे धागे आधी तुटतात, ताण स्वतःवर घेतात आणि चीर पुढे पसरत नाही. पण तुटलेले धागे पुन्हा जुळत नाहीत, म्हणजे रोजच्या वापरात जेल कमजोर होणार. २०१२ मध्ये हार्वर्डच्या गटाने ताठ जाळीसाठी अल्जिनेट घेतलं. दातांचं माप घेताना डेंटिस्ट वापरतात, तेच. त्यातले कॅल्शियमचे बंध तुटून बऱ्याच अंशी पुन्हा जुळतात. ते जेल मूळ लांबीच्या वीसपट ताणलं गेलं.

पुढे मिठाचं पाणी भरलेल्या अशा जेलपासून 'आयनिक त्वचा' झाली. ताणली किंवा दाबली की तिचे विद्युत गुणधर्म बदलतात, त्यावरून बोटाची हालचाल किंवा स्पर्श मोजता येतो.

अडचण उरली ती पाण्याचीच. हवेत जेल वाळतं. त्यावर रबराचा पातळ थर देतात, किंवा ओल धरून ठेवणारं लिथियम क्लोराइड घालतात. साध्या स्टिकरला यातलं काही नसतं. म्हणून त्याचं पाकीट उघडं ठेवत नाहीत. जेल वाळलं तर आलेख थरथरतो, आणि हृदय ठीक असूनही मॉनिटर ओरडू लागतो. अशा वेळी सिस्टर आधी स्टिकर बदलून बघतात.